मटार सोलण्याचा हिवाळा

बाजारात मटार उतरला की मला कुणाशी तरी भांडावंसं वाटतं. कुणाशी, ते ठरलेलं नसतं. हातगाडीवर हिरवा ढीग दिसतो, मी थांबतो, एक शेंग उचलून अंगठ्यानं दाबतो. आतले दाणे मोजतो. भाव विचारतो आणि त्या भावाला हसतो. हे हसणं मी मंडईत शिकलो. आवाज करायचा नाही, नाकातून नुसता श्वास सोडायचा, म्हणजे समोरचा आपणहून खाली येतो. गाडीवाला येतोच. मग पिशवी हातात घेतल्यावर लक्षात येतं की घरी मटार खाणारं कुणी नाही. मुलगा बंगळुरात आहे, त्याच्याकडे गोठवलेला येतो. तरी मी किलोभर घेतो आणि लिफ्टनं अकराव्या मजल्यावर जातो.

हडपसरला कालव्याच्या कडेनं जे तीन टॉवर उभे आहेत, त्यांतल्या मधल्यात मी राहतो. गॅलरीतून पोहण्याचा तलाव दिसतो. तो आहे तिथे आमचा नळ होता. मुलांची घसरगुंडी आहे तिथे पारूच्या आईचं घर होतं, म्हणजे तीन बाजूंना पत्रा आणि चौथ्या बाजूला शेजाऱ्याचा पत्रा. हे सगळं मला वरून दिसतं. दुसऱ्या कुणाला दिसत नाही. आधी वाटायचं, नसेल दिसत तर राहू दे.

या हिवाळ्यात मात्र लॉबीत पाटी लागली. सोसायटीचा वर्धापनदिन होता. काचेची पाटी, मागून उजेड, वर टॉवरचं चित्र आणि खाली मजकूर. पहिलंच वाक्य असं : ‘पूर्वी येथे ओसाड जमीन होती.’

मी सेक्रेटरीला तिथेच गाठलं. अनिकेत त्याचं नाव. आयटीत आहे, मूळचा नागपूरकडचा, म्हणजे तसा माझ्याच बाजूचा. त्याला इथे येऊन किती वर्षं झाली, हे त्याला कुणी कधी विचारलेलं नाही. आम्हाला मात्र जो येई तो तेच विचारी.

“ओसाड कोण म्हणालं?” मी विचारलं.

“काका, ते कंटेंट बिल्डरकडून आलंय.”

“इथे बत्तीस घरं होती.”

“असतील ना. पण काही प्रूफ आहे का? फोटो वगैरे? कमिटीत मांडायला लागेल.”

फोटो नव्हता. आम्ही फोटो लग्नात काढायचो, आणि लग्नं गावाला व्हायची. वस्तीचा फोटो कोण काढणार? पण कागद होते. ते माझ्याकडे नव्हते. ज्या बाईचा मी इतकी वर्षं राग धरून बसलो होतो, तिच्या कपाटात होते.

*

तो हिवाळा मला अंगठ्याच्या नखात आठवतो. मटार सोलून सोलून नखाखाली हिरवी रेघ बसायची. ती साबणानं जायची नाही, फाल्गुनापर्यंत राहायची. कालव्यापलीकडे आयटी पार्कची पहिली इमारत नुकतीच काचेची झाली होती. आत हजारभर पोरं-पोरी बसायला लागली आणि त्यांच्या कॅन्टीनला सोललेला मटार लागायला लागला. तोवर मी हातगाडीवर भाजी विकत होतो. कॅन्टीनच्या मॅनेजरला मी म्हणालो, तुमचे आचारी शेंगा सोलत बसले तर स्वयंपाक कोण करणार? तो दोन दिवस ताणून बसला. तिसऱ्या दिवशी काम मला मिळालं.

पहाटे मी मार्केट यार्डातून पोती आणायचो. उन्हं अंगावर आली की बायका कालव्याच्या भरावावर पाठ करून बसायच्या. मधे घमेली. पहिले दाणे पडले की घमेलं ठणठण वाजायचं, तळ झाकला की आवाज मऊ व्हायचा आणि घमेलं निम्म्यावर आलं की बंदच. मग फक्त बायकांचं बोलणं ऐकू यायचं. सालपटं खायला कुठून तरी दोन म्हशी ठरल्या वेळेला हजर व्हायच्या. हवेत कच्चा गोड वास असायचा. त्या वासात माझी बायको सुमन बसलेली असायची, जिला मी गावात कधी इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

पुण्यात आल्यावर मी आधी भाषा बदलली, मग चपला. सुमननं यातलं काहीच बदललं नाही. आम्ही वाशीमकडचे. ती शेवटपर्यंत “मले” आणि “तुमाले” म्हणत राहिली. मी चारचौघांत तिला डोळ्यांनी दटावायचो. तिचं माझ्याकडे लक्ष नसायचं.

त्याच दिवसांत मेधा आली. विद्यापीठात भूगोल शिकत होती. भूगोल म्हणजे नद्या आणि डोंगर, असं मला शाळेनं सांगितलं होतं; हिचा भूगोल माणसांचा होता. कोण कुठून आलं, शहरात आल्यावर किती वेळा घर बदललं, का बदललं. जमिनीचे भाव चढले की माणसं कुठे ढकलली जातात, ते तिला कागदावर उतरवायचं होतं. खांद्यावर झोळी, झोळीत छापील फॉर्म. पहिल्या दिवशी ती उभ्यानं प्रश्न विचारत होती. दुसऱ्या दिवशी सुमननं तिच्या पुढ्यात शेंगांचा ढीग सारला आणि म्हणाली, “बस वं बाई, हात चालू ठेव. आमी बोलतो.” त्यानंतर मेधा रोज सोलायला बसायची. सदाशिव पेठेत वाढलेली पोरगी, सोलायची फार हळू. बायका तिला म्हणायच्या, तुझ्या हातचा मटार कॅन्टीनला पुढच्या वर्षी पोचेल.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. फॉर्म म्हणजे घर, एवढं मला आधी येरवड्यात भाड्यानं राहत असताना कळलेलं होतं. सरकारी माणूस येतो, किती वर्षं झाली विचारतो आणि त्या वर्षांवर तुमचं ठरतं. कमी सांगणारा जातो. हे विद्यापीठाचं काम आहे, याचा सरकारशी संबंध नाही, असं मेधानं चारदा सांगितलं. चारदा सांगितलं म्हणूनच माझा विश्वास बसला नाही.

मी नळावर सगळ्यांना गोळा केलं. “किती वर्षं विचारलं, तर पंधरा सांगायची. कुठून आलात, तर थेट गावाहून. मधे कुठे राहिलात, तर कुठेच नाही.”

शहनाजची सासू पाण्याची कळशी घेऊन उभी होती. भवानी पेठेतलं जुनं घराणं, पिढ्यान् पिढ्या तांब्याची भांडी ठोकणारं. भाडं झेपेना म्हणून कालव्यावर आलेलं. मला सगळे आडनावानंच हाक मारायचे. ती म्हणाली, “तायडे, माझा जन्म भवानी पेठेतला. मी कोणत्या गावाहून येऊ?”

सगळे हसले. मी तिला माझं गाव देऊन टाकलं.

खरं तर मला दहा वर्षं पदरात पाडून घ्यायची होती. पंधरा सांगितली, कारण प्रत्येक आकड्यात खाली यायला जागा ठेवावी लागते. ती म्हणेल, छे हो, पंधरा कशी असतील. आपण म्हणायचं, बरं, बारा. ती कुरकुरेल, आपण दहावर थांबू. व्यवहार असाच होतो. पण मेधा काही बोललीच नाही. तिनं पंधरा लिहून घेतली आणि पुढचा प्रश्न विचारला. दुसऱ्या घरी पंधरा, तिसऱ्या घरी पंधरा. सातव्या घरी तिचं पेन थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

“तायडे, आपण सगळे एकाच दिवशी आलात का?”

“हो,” मी म्हणालो, “एकाच एसटीनं.”

तिनं तेही लिहून घेतलं. पोरगी खुळी आहे, असं मला वाटलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात मला एवढंही कळू नये की जो भाव न करता घेतो, त्यानं मनातल्या मनात माल बाजूला टाकलेला असतो.

सुमनचा फॉर्म भरला तेव्हा मी यार्डात होतो. परत आल्यावर विचारलं, “काय सांगितलंस?”

“तुमी सांगतलं तेच,” ती म्हणाली आणि घमेलं उचलून आत गेली.

*

पुढे काही वर्षांनी मेधाचं पुस्तक आलं. तिनं टपालानं एक प्रत पाठवली. मी बोट फिरवत पानं वाचली. वाघोलीच्या दगडखाणीवरची माणसं होती, नदीकाठची होती, रेल्वेलगतची होती. कालव्याकाठची बत्तीस घरं नव्हती. मी फोन लावला. आमचा चहा प्यालात, आमच्या बायकांत बसलात, आणि लिहायची वेळ आली तेव्हा आम्ही तुमच्या कामाचे नाही काय, असं बरंच बोललो. ती शांत होती. “तायडे, तुमची वस्ती पुस्तकात नाही, कारण तुमच्या वस्तीनं मला काही सांगितलंच नाही.” मी फोन आपटला. पुणेरी शहाणपण, दुसरं काय. तो राग मी जपून ठेवला. बाकी काही मी इतकं नीट जपलेलं नाही.

तोवर वस्तीही राहिली नव्हती. पार्कच्या आणखी चार इमारती झाल्या आणि कालव्याकडेच्या चिखलाला एकाएकी भाव आला. बिल्डरचा माणूस गोडीगुलाबीनं आला होता. वस्तीच्या वतीनं मी बसलो. त्याला तीन वेळा उठवून घालवला, चौथ्यांदा त्यानं मालकाला आणलं. कुणालाही काढून देता आला नसता असा सौदा मी सगळ्यांना काढून दिला. लोक वाघोलीच्याही पुढे गेले, जिथे अजून भाडं परवडत होतं. आमच्यातले निम्मे शहरात पहिल्यांदा वाघोलीलाच उतरले होते. मी पैसे घेतले नाहीत. मी जागा मागितली, याच जमिनीवर, वर. तायडेनं आधी स्वतःचं ठरवलं, असं मागे बोललं गेलं. ते खोटं आहे. स्वतःचं मी सगळ्यांत शेवटी ठरवलं. मोठं ठरवलं, एवढं खरं.

सुमनला मी किल्ली दिली तेव्हा ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. खूप वेळ खाली बघत होती. मग म्हणाली, “इथून हाक मारली तर कोनाले आयकू जाईल?”

पहिल्या हिवाळ्यात तिनं मला पोतं आणायला लावलं. कॅन्टीनचं काम तेव्हा यंत्रवाल्यांकडे गेलं होतं, तरी आणायला लावलं. ते घेऊन ती लॉबीच्या पायरीशी, जिथे सकाळचं ऊन येतं तिथे, घमेलं मांडून बसली. तिला वाटलं असावं, बसलं की बायका येतात. वॉचमन आला. “मॅडम, इथे बसता येत नाही.” ती उठली. मला कळलं तेव्हा मी कमिटीला असं फाडून खाल्लं की त्यांनी लेखी माफी मागितली. ती माफी मी चौकटीत बसवून आणली. सुमन पुन्हा खाली बसायला गेली नाही.

तीन वर्षांपूर्वी, अशाच थंडीत, ती गेली. वाघोलीहून कुणी आलं नाही, कारण कुणाला कळवलंच नाही. मला पत्ते माहीत नव्हते. नावंही धड माहीत नव्हती. पारूची आई, शहनाजची सासू, कोपऱ्यावरची, अशीच मी त्यांना ओळखत होतो. नावं सुमनला माहीत होती. तिला विचारून ठेवायला हवी होती, हे ती गेल्यावर लक्षात आलं.

*

मेधा आता एरंडवण्यात राहते. केस पांढरे झाले आहेत, कापून घेतलेत. मी दारात उभा राहिलो तेव्हा मागे खोकीच खोकी दिसली.

“या. बसायला खुर्ची नाही, खोक्यावर बसा. आमची बिल्डिंग पाडतायत. दोन वर्षं भाड्याच्या जागेत, ती पण लांब.”

“म्हणजे तुम्हीही घर बदलणार.”

“हो. आता मीच माझा फॉर्म भरायचा.”

“किती वर्षं झाली इथे?” मी विचारलं.

“एकोणतीस,” ती म्हणाली. मग हसली. “खरी.”

मी भांडायला गेलो होतो. येताना बसमध्ये वाक्यं जुळवली होती. पण खोक्यावर बसून फार वेळ भांडता येत नाही. मी पाटीचं सांगितलं, सुमन गेल्याचंही. बत्तीस कागद मला द्या, मी त्या पाटीवर नेऊन चिकटवतो, असं म्हणालो. तिनं तिसरं खोकं उघडलं, एक फाईल काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. एकतीस फॉर्मांवर लाल पेनानं लिहिलं होतं : वगळले.

“जुना हवाई नकाशा बघितला मी, तायडे. तुम्ही सांगितलेल्या पंधरा वर्षांपूर्वी तिथे ऊस होता. आणि ऊस फॉर्म भरत नाही.”

मी फॉर्म उलटत गेलो. पंधरा, पंधरा, पंधरा.

“वर्षांचं मी सोडूनही दिलं असतं. वर्षं लोक वाढवून सांगतात. पण मला हवं होतं ते मधलं. शहरानं तुम्हाला कितीदा उठवलं, ते. आणि तुम्ही सगळ्यांनी सांगितलं, एकदाही नाही. मी ते कसं छापू? बिल्डरनंच छापलं असतं ते आनंदानं.”

एका फॉर्मवर लाल अक्षर नव्हतं. क्रमांक एकोणीस. तिनं त्यावर हात ठेवला. “खरं तर हा दाखवायला नको. पण त्या आता नाहीत, आणि मीही सगळं रद्दीत टाकायला निघालेय.” तिनं हात काढला.

नावाची जागा कोरी होती. पण वाचायला लागलो आणि आवाजच ऐकू आला. इथे किती वर्षं : चार. त्याआधी : येरवडा, दोन वर्षं, भाडं वाढलं. त्याआधी : रामटेकडी, अकरा महिने, मालकाला माडी चढवायची होती. त्याआधी : वाघोली, खाणीवर, तीन वर्षं. त्याआधी : गाव.

रामटेकडी मी विसरलो होतो. पंधरा वर्षं, थेट गावाहून, असं इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. अकरा महिने आम्ही तिथे एका जिन्याखाली काढले. भिंतीला ओल यायची म्हणून सुमन रात्री मुलाला दोघांच्या मधे घ्यायची, भिंतीकडे स्वतः. हे सगळं एका कागदावर होतं, आणि तो कागद मी उशिरा वाचत होतो.

“हा एक खरा होता, तर मग लिहिलं का नाही?” माझा आवाज चढला.

“एका फॉर्मवर वस्ती उभी राहत नाही, तायडे. एकतीसजणांनी नाही म्हटल्यावर एकटीला धरून मी काय सिद्ध करणार होते? तुम्ही तिला एकटं पाडलंत.”

ती फॉर्मबद्दल बोलत होती. मी तो कागद पुन्हा उचलला.

शेवटचा प्रश्न मी आधी वाचला नव्हता. या शहरात तुमचं माणूस कोण? पुढे अकरा नावं होती. पार्वती, शहनाज, हमीदा, गोदावरी, कमल, अशी एकाखाली एक, मेधाच्या घाईच्या अक्षरात, शेवटची तीन, जागा पुरली नाही म्हणून, आडवी लिहिलेली. सगळ्या मटार सोलणाऱ्या. मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचत होतो तेव्हा मेधानं ओळखलं मी काय शोधतोय ते.

“मी विचारलं होतं त्यांना. म्हटलं, आणि तुमचे मिस्टर? समासात आहे बघा.”

समासात पेन्सिलीनं, सुमनच्याच बोलीत, चार शब्द होते. हसून म्हणाली असणार, शेंगेवरची नजर न काढता. ‘ते काय, ते गिऱ्हाइकायचे.’

*

अनिकेतला मी काल लॉबीत तो फॉर्म दाखवला. त्याच्यासाठी प्रत काढली होती, समास झाकून. त्यानं वाचला. नीट वाचला, हे कबूल करतो.

“ओके काका. ‘ओसाड’ काढू आपण. पण हे चार वर्षं म्हणजे अगदीच कमी वाटतं. कमिटी म्हणेल, चार वर्षांत काय एवढं. दहा-पंधरा लिहू या का? कोण चेक करणार?”

पोरगा मला जास्त देत होता. आयुष्यात पहिल्यांदा समोरचा आपणहून वर जात होता आणि मला त्याला खाली आणायचं होतं.

“चार,” मी म्हणालो.

“आठ करू. आफ्टर ऑल—”

“चारच. आणि खाली अकरा नावं.”

“नावांना जागा नाही हो काका.”

नेहमीचा मी असतो तर तिथे त्याचा घाम काढला असता. मी म्हणालो, “आडवी लिही.” तो डोकं खाजवत वर गेला. लिहितो की नाही, बघू.

आज सकाळी मी हातगाडीवरून मटार घेतला. भाव विचारला, सांगितला तो दिला. गाडीवाल्यानंच दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं. जुनं घमेलं माळ्यावर होतं, ते काढलं आणि लिफ्टनं खाली आलो. पायरीशी ऊन आलं होतं. पाठ उन्हाकडे करून बसलो. लिफ्टकडे जाणारे माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते. किलोभर शेंगांत घमेल्याचा तळ झाकत नाही, त्यामुळे प्रत्येक दाणा वाजत होता. पूर्वी हा आवाज इतका वेळ कधी टिकला नव्हता.

वॉचमन आला. नवा आहे, झारखंडचा, मराठी शिकतोय. माझ्या वयाकडे बघून तो जरा घुटमळला.

“काका, इथे बसता येत नाही.”

“माहीत आहे,” मी म्हणालो, आणि पुढची शेंग उचलली.